ज्ञानूनं लावलेली फॅट

माझं नाव नकुशी. का ठेवलं, कुणी ठेवलं, ते विचारू नका. ठेवणारे गेले आन् मी हाय. वरवंडला हायवे सोडून आत आलं की कॅनॉलच्या कडंला आमची धनगरांची वस्ती. साधना माझ्या शेजारची, मधी नुसती तारेची वई. तिच्या चुलीवर काय शिजतंय ते मला वासावरनं कळतं. तिची गोष्ट सांगते, पण मधी कुणी 'असं कसं' म्हणायचं न्हाई. माझं डोकं लवकर तापतं आन् या गोष्टीला तर लईच.

आमच्या आज्या-पंज्यांनी मेंढरं राखली. आमच्या वक्ताला मेंढरं गेली, ऊस आला, दारात म्हशी आल्या आन् म्हशीच्या मागनं गावात डेअरी आली. तशी वस्तीची बोलीच बदलली बघा. ज्याच्या त्याच्या तोंडी फॅट. दुधात लोणी किती, ते मशीन सांगणार आन् त्यावर भाव ठरणार. एखादं माणूस शहाणं निघालं की म्हणायचं, ह्याला फॅट चांगली हाय. पोरगी बघून पाव्हणे परत आले की बाया विचारायच्या, "काय गं, किती लागली?" हसायचो आम्ही. पण हसता हसता डोक्यात एक बसलं ते बसलंच, की मशीननं पास केलं तर ते दूध, न्हाईतर पाणी.

आन् पास-नापास करायचा ज्ञानू. साधनाचा नवरा.

ज्ञानूसारखा सरळ माणूस पंचक्रोशीत न्हवता, हे मी म्हणत न्हाई, समदं गाव म्हणायचं. एकदा त्याच्या आईनं, कुशाबाईनं, कॅनमधी तांब्याभर पाणी सारलं. ज्ञानूनं लॅक्टोमीटर टाकला, दूध किती घट्ट त्याची डिग्री बघितली आन् समद्यांच्या देखत स्वतःच्या आईचा कॅन माघारी लावला. कुशाबाई महिनाभर त्याच्याशी बोलली न्हाई. पण त्या दिवसापास्नं ज्ञानू बोलला म्हंजी ती काळ्या दगडावरची रेघ. माझी म्हैस कमी लागली तर मी म्हशीला शिव्या दिल्या, ज्ञानूला कवा न्हाई.

साधना शिरूर तालुक्यातली, मलठणकडची. बाप म्हस्कू, अजून बी मेंढरं राखणारा, पायात जाड वहाणा, खांद्यावर घोंगडं. पोरगी सावळी, उंच, आन् हसली की हसतच ऱ्हायची. लगीन होऊन वरीसभरात दिवस गेले. पहिलं बाळंतपण माहेरी, ही आपली रीत. पण ज्ञानूचा थोरला भाऊ बिरदेव दौंडला रेल्वेत. तो म्हणला, "तिकडं रानात कशाला? हितं दवाखाना हाय, माझ्या क्वार्टरमधी ठेवा." त्याची बायको छबू. लग्नाला किती वर्सं झाली त्याचा हिशोब आम्ही सोडून दिला व्हता, पण तिची कूस काय उजवली न्हाई. देव झाले, डॉक्टर झाले, जेजुरीच्या खंडोबाला नवस झाले. बाई वाईट न्हवती. साधनाला तिनं हळीव दिले, डिंकाचे लाडू दिले, शेक दिला, अंग चोळलं. साधना सव्वा महिन्यानं पोरगं घेऊन वस्तीवर आली तवा मला म्हणली, "नकुशीआक्का, सख्खी भैन करणार न्हाई असं माझ्या जाऊबाईंनी केलं."

बारशाला मला पहिल्यांदा खुटकलं. नाव ठेवायचा मान आत्याचा. आत्या पाळण्यापाशी उभी, आन् कानात 'रुद्र' म्हणून कुर्र केलं छबूनं. आत्यानं तोंड वाकडं केलं आन् पेढा खाल्ला. मी म्हणलं, असंल बाबा, रेल्वेतल्या लोकांची नवी रीत.

पोरगं झकास व्हतं. पण दिवस मावळायला लागला की रडायचं. रडतात पोरं त्या वक्ताला, माझी चारी रडली, त्याला काय करणार? कुशाबाई मात्र लगीच म्हणायची, "भूक मरत न्हाई त्याची. दूध पातळ हाय हिचं." एकदा म्हणली, दोनदा म्हणली, मग उठता-बसता तेच. आन् दर रविवारी दौंडवरनं छबू यायची, पिशवीत पावडरच्या दुधाचा डबा घेऊन. डब्यावर गोरंगोमटं गुबगुबीत बाळ.

"जाऊबाई, तो डबा परत न्या," साधना म्हणायची. "मला येतंय की दूध. लुगडं भिजतंय माझं."

"येतंय गं, पण अंगी लागतंय का?" छबू म्हणायची. आवाज गोड, साखरेत घोळलेला.

साधना काय ऐकंना. धनगराची पोर, अंगावर पाजणार म्हंजी पाजणार. डबे फळीवर तसेच बसले, झाकण न काढता. मग एका सकाळी कुशाबाईनं काढलं, "एवढा वाद कशापायी? आपल्या घरात फॅट लावणारा हाय. लावून बघा. चांगली लागली तर मी पुन्हा तोंड उघडणार न्हाई."

आता तुम्ही हसाल. बाईच्या दुधाला कुणी फॅट लावतं व्हय? मी बी म्हणलं तसं, वईवरनं ओरडून म्हणलं, "अगं ए कुशाबाई, सून हाय का मुऱ्हा म्हैस?" पण आमच्या वस्तीवर ते कुणाला येडेपणा वाटलं न्हाई. मशीन हाय, माणूस हाय, मग बघायला काय जातं? आन् साधनाला तर उलट बरंच वाटलं. तिला आपल्या दुधाचा भरवसा व्हता आन् त्याच्याहून नवऱ्याचा. म्हणली, "लावा. तुम्ही सांगाल ते मला मान्य."

आत जाऊन तिनं वाटीत दूध पिळलं. पिळून काय येतंय? पोरगं ओढतं तसं हातानं निघत न्हाई. वाटीचा तळ झाकंल एवढं आलं. ज्ञानूनं ते झाकणाच्या डब्यात घेतलं, सायकलला अडकवलं आन् कॅनॉलच्या रस्त्यानं गेला. साधना दारात उभी राहून बघत व्हती. मला म्हणली, "आक्का, म्हशीपेक्षा जास्त लागली तर सासूबाईंना चहा पाजीन."

दुपारी ज्ञानू आला. सायकल लावली, पाय धुतले, पाणी प्यायला. साधना समोर उभी. त्यानं तिच्याकडं न बघता सांगितलं, "दोन लागली. डिग्री बी बसत न्हाई."

दोन म्हंजी काय, ते आमच्यात शेंबड्या पोराला कळतं. गाईचं दूध साडेतीन लागतं, म्हशीचं सहा-सात. दोनचं दूध डेअरी घेत न्हाई. मोरीत ओतून देतात.

साधना तिथंच खाली बसली, पोराला मांडीवर घेतलं. रडली न्हाई लगीच. त्यानं सवयीनं तोंड लावलं, आन् हिनं पदर ओढून घेतला. लाज वाटली तिला. स्वतःच्या लेकराला पाजायची लाज! कुशाबाई काय जिंकल्यासारखं बोलली न्हाई, उलट पाठीवरनं हात फिरवला. "असतं एखादीचं तसं. तुझा काय दोष? तो डबा काढ बरं खाली." एवढ्या मायेनं कुशाबाई जन्मात कुणाशी बोलली न्हवती.

दोन दिवसांत गावभर झालं. डेअरीच्या रांगेत बाया कुजबुजायच्या, ती बघ, दोन फॅटवाली. एकीनं तोंडावर सुनावलं, "पेंड खात जा की गं." मी त्या बाईच्या सात पिढ्या काढल्या, पण बोललेलं माघारी येतंय व्हय?

म्हस्कू आप्पाच्या कानावर गेलं, तसा तो मेंढरं दुसऱ्याच्या हवाली करून आला. ओट्यावर बसला, पाणी बी घेतलं न्हाई. म्हणला, "ईनबाई, माझ्या कळपात मेंढीनं पिल्लू झिडकारलं तर आम्ही तिचे पाय बांधतो, रोज धरून पाजायला लावतो, पर पिल्लू तिचंच ठेवतो. आन् हितं पाजणारी आई हाय, तिचं पाजणं तुम्ही सोडवताय?"

कुशाबाई म्हणली, "आप्पा, आम्ही कुठं म्हणतो? मशीन म्हणतंय. इचारा तुमच्या जावयाला."

म्हाताऱ्यानं जावयाकडं बघितलं. ज्ञानू म्हणला, "व्हय आप्पा. दोन." म्हाताऱ्याला मशीनचं काय कळतंय? त्याला मेंढी कळती. घोंगडं उचललं आन् चालायला लागला. जाता जाता पोरीच्या डोक्यावर तेवढा हात ठेवला.

त्या रविवारी छबू आली ती डब्यासंगं मोगऱ्याचे गजरे घेऊन. दौंडच्या बाजारातले, चांगले जाडजूड, पानात बांधलेले. साधनाला वाटलं, जाऊबाई आपली समजूत काढाया लागल्यात. डोकं पुढं केलं माळायला. कुशाबाई म्हणली, "डोक्यात न्हवं." आन् आत नेऊन तिच्या छातीवर गजरे ठेवले, वरनं जुन्या लुगड्याचा पट्टा आवळून बांधला. मोगरा बांधला की दूध आटतं म्हणतात आमच्याकडं. आटलं. चार-पाच दिवस ठणका, गाठी, ताप, पोरगं रडलं की पट्ट्याखालनं धार, आन् मग आटलं. त्या दिवसांत ज्ञानू दारातनं आत यायचा न्हाई. चौकटीला हात लावून उभा राहायचा आन् माघारी फिरायचा. मला वाटायचं, काय माया हाय बिचाऱ्याची, बघवत न्हाई त्याला.

साधनानं त्यानंतर मोगरा माळला न्हाई. हळदी-कुंकवात कुणी हातात दिला तर ती म्हशीपुढं टाकती.

पुढचं तुम्हाला न सांगता कळंल. बाटली, बूच, उकळलेलं पाणी. वस्तीवर इहिरीचं पाणी, चुलीवर तापवायचं, बाटली चार बायांच्या हातातनं जायची. पोराला हगवण लागली. डोळे आत गेले. छबू टमटममधनं उतरली ती पदरानं डोळे पुसतच. "माझ्याकडं नळाचं पाणी हाय, गॅस हाय, डॉक्टर दारात हाय. थोडे दिवस नेते. बरा झाला की आणून सोडते." साधनानं ज्ञानूकडं बघितलं. ज्ञानू म्हणला, "पोराचा जीव मोठा का आपली हौस?" असं कुणी म्हणल्यावर आईनं काय म्हणायचं? तिनं दुपटी घड्या करून दिली. झबली दिली. काजळाची डबी दिली.

थोड्या दिवसांचे लई दिवस झाले. आधी बारीक हाय म्हणून, मग दात येतात म्हणून, मग हवा मानवली म्हणून. साधना जायची दौंडला. पाटसपर्यंत टमटम, पुढं यष्टी, हातात कवा हुरडा, कवा शेंगा. पोरगं तिला बघून छबूच्या मागं लपायचं. छबू म्हणायची, "अरे काकी हाय, काकी. पाया पड." पहिल्यांदा 'काकी' ऐकून आली तवा माझ्या ओट्यावर बसली आन् म्हणली, "आक्का, मी काय बोलू? माझ्यापाशी त्याला द्यायला व्हतं काय?" हेच तिच्या मनात पक्कं बसलं व्हतं. पोर गेलं ते आपल्या कमीपणामुळं, असं.

मग अंकिता झाली. पोरगी! बघायला दौंडवरनं कोण यायला लागलंय? ना डबा आला, ना फॅट लागली. साधनानं भीत भीत अंगावर घेतलं, आन् ती कार्टी अशी फुगली, अशी फुगली, की उचलायला दोन माणसं लागावीत. दंडाला वळ्या पडल्या. संध्याकाळची ती बी रडायची, कुशाबाई म्हणायची, "रडतंय तर रडू द्या, पोरीची जात."

मी साधनाला विचारलं, "का गं, आता कुठनं आलं दूध?"

"दुसऱ्या खेपेला सुधारतं म्हणत्यात हे," ती म्हणली. पण म्हणताना तिचा हात थांबला. भाकरी थापत व्हती, काठ फाटला. मी तवाच ओळखलं, हिच्या मनात पाल चुकचुकली. पण नवऱ्यावर संशय घ्यायचा म्हंजी काय खायचं काम हाय? तेही ज्ञानूवर? तिनं ती पाल मारून टाकली आन् भाकरी परत थापली.

पुढं गावात बायांची डेअरी निघाली. बाया चालवणार, बायाच मोजणार. साधना सातवी शिकलेली, हिशोबाला पक्की, तिला टेस्टर केलं. ज्ञानूला बरं वाटलं असंल न्हाईतर नसंल, त्याचं तोंड वाचता येत न्हाई. शिकवायला पुण्याकडनं एक बाई आल्या. मी बी बसले व्हते, म्हटलं बघू, इतकी वर्सं कशाच्या जिवावर आम्हाला कमी देत व्हते.

बाईंनी दाखवलं. काचेच्या नळीत आधी ॲसिड, मग मापाच्या पिचकारीनं दूध, ते माप पुरं भरलंच पायजे. मग नळी मशीनमधी घालून गरगरा फिरवायची. आन् डिग्रीसाठी उंच जार, तो गळ्यापर्यंत दुधानं भरायचा, तवा कुठं लॅक्टोमीटर तरंगतो. साधनानं विचारलं, "बाई, दूध थोडंच असलं तर?"

"किती थोडं?"

"वाटीचा तळ झाकंल एवढं."

बाई हसल्या. "मग काय होणार? नळीचं माप भरणार नाही आणि लॅक्टोमीटर तर बुडाला जाऊन आपटेल. तेवढ्यावर काहीच लागत नाही. फॅटही नाही, डिग्रीही नाही."

मी साधनाच्या शेजारी बसले व्हते. मला त्या वाटीची आठवण न्हवती तवा, माझं ध्यान त्या ॲसिडच्या वासाकडं. पण हिचा हात माझ्या मांडीवर आला आन् अशी बोटं रुतली की मी ओरडले. "आक्का," म्हणली, "लागतच न्हाई म्हणत्यात."

मग माझ्या डोक्यात उजेड पडला. आन् उजेड पडला तसं डोकं असं भडकलं की तवाच जाऊन ज्ञानूच्या झिंज्या धरणार व्हते. साधनानं दंड धरून खाली बसवलं. "आत्ता न्हाई. मला आधी शिकू द्या नीट." आन् शिकली की ओ! दुसऱ्या दिवसापास्नं अशी फॅट लावायला लागली की कुणाची टाप न्हाई बोट दाखवायची. घरी नवऱ्याला भाकरी वाढत व्हती, पाणी तापवत व्हती, 'अहो' म्हणत व्हती. मी विचारायची, "कशाची वाट बघतीस गं?" ती म्हणायची, "त्यांनी आपण होऊन सांगावं म्हणून. एवढं तरी करतील." येडी! अजून बी आशा व्हती.

त्यानं काय सांगितलं न्हाई.

दिवाळीला बिरदेव-छबू वस्तीवर आले, रुद्र संगं. चांगला शाळंत जाणारा झाला व्हता, पायात बूट, भांग पाडलेला. उंची साधनाची, हसणं साधनाचं. भाऊबीज झाली, अंकितानं ओवाळलं. सकाळी दौंडला माघारी निघायच्या आधी समदी डेअरीवर आली, ताजं दूध किटलीत न्यायला. कुशाबाई बी काठी टेकत आली. रांगेत आम्ही आठ-दहा बाया. पोरगं टेबलापाशी जाऊन नळ्या बघत ऱ्हायलं. चौकस लई. हे काय, ते काय. साधना समजावून सांगत व्हती, आन् असं वाटत व्हतं की या सकाळी तिला आणखी काय बी नको. मग ते पोरगं सरळ म्हणलं, त्याच्या मनात काय कपट न्हवतं, "काकी, आई म्हणते, तुमच्या दुधाला फॅट नव्हती म्हणून तुम्हीच मला देऊन टाकलं. खरं का?"

तुम्हीच देऊन टाकलं! रांगेतल्या बायांनी माना खाली घातल्या. छबू म्हणली, "रुद्र, आगाऊपणा करू नको, चल." साधनानं एक वाटी घेतली, स्टीलची, त्यात कॅनमधलं दूध ओतलं, तळ झाकंल एवढंच. आन् हाक मारली, "अहो. हिकडं या."

ज्ञानू सायकल धरून उभा व्हता. आला.

"एवढंच व्हतं ना?" तिनं वाटी पुढं धरली. "त्या दिवशी. बघून सांगा."

ज्ञानूनं वाटी बघितली आन् मान हलवली.

तिनं वाटीतलं दूध उंच जारमधी ओतलं. बुडाशी बोटभर पांढरं दिसलं. मग लॅक्टोमीटर सोडला. खाडकन आवाज आला, काच काचेवर आपटली आन् तिरकी पडून ऱ्हायली.

"वाचा," साधना म्हणली. "तुम्हाला येतंय की वाचायला. डिग्री कुठं हाय ते दाखवा मला, आन् दोन फॅट कशात लावली ते बी सांगा."

"साधना, घरी बोलू."

"घरी लई वर्सं गप व्हता तुम्ही. हितं वाचा."

कुशाबाई मधी पडली. "काय तमाशा मांडलास सणासुदीचा? घरातलंच लेकरू घरातच ऱ्हायलं, काय बिघडलं? सांगून दिलं असतंस का तू? तुला वाटायला पायजे व्हतं की तुझ्यापाशी देण्यासारखं काय न्हाई, तवा कुठं हात सुटला तुझा."

म्हातारीच्या तोंडनं सुटलं ते सुटलं. आमच्या माना ज्ञानूकडं वळल्या. त्यानं सायकलची घंटी उगाच चोळली. म्हणला, "बाप गेल्यावर दादानं मला वाढवला. त्यानं पहिल्यांदाच काय तरी मागितलं. माझ्यानं न्हाई म्हणवंना." बिरदेव जमिनीकडं बघत ऱ्हायला.

"मागायचं तर माझ्याकडं व्हतं," साधना म्हणली. आवाज चढवला न्हाई तिनं, मी असते तर डेअरीचा पत्रा उडवला असता. "दादांनी मागितलं असतं, जाऊबाईंनी पदर पसरला असता, तर मी काय म्हणले असते ते मला बी ठाऊक न्हाई. पण मागायला पायजे व्हतं. तुम्ही मला नासकी ठरवली. माझ्या बापासमोर. आन् छातीला गजरे बांधले तवा तुम्ही दारात उभे व्हता. तवा अजून दूध व्हतं मला. तवा तरी सांगायचं!"

'तवा तरी' म्हणताना ती रडली, अशी रडली, की रांगेतली ती पेंड खा म्हणणारी बाई बी पदर तोंडात घालून हुंदके द्यायला लागली.

रुद्र मधी उभा. समद्यांच्या तोंडाकडं बघत व्हता. त्याला किती कळलं देव जाणे, पण पोरगं हुशार, हिशोब लावतच व्हतं. ज्ञानूकडं वळून म्हणला, "मग काका, ते दूध कुठं गेलं?"

"ओतलं," ज्ञानू म्हणला.

"कुठं?"

"कॅनॉलवर. बाभळीखाली."

"पण ते माझं होतं ना?" पोरगं म्हणलं.

छबू रडत व्हती, तिनं पोराचा हात धरला, आन् खरं सांगते, त्या वक्ताला मला तिची बी कीव आली आन् राग बी आला, दोन्ही एकदम. बिरदेव म्हणला, "गाडीची वेळ झाली." किटली तिथंच राहिली.

पोरगं दौंडलाच गेलं. जाणार कुठं? त्याची शाळा तिथं, त्याचं अंथरूण तिथं, त्याची आई तिथं. साधना डोळे पुसत फाटकापर्यंत मागं गेली. मी बी गेले. माझ्या मनात एकच, आता तरी तिला 'आई' म्हणून हाक मारंल. आता तर समदं कळलं की त्याला. रुद्रनं वळून बघितलं, बराच वेळ बघितलं, आन् हात हलवला.

"येतो काकी," म्हणला.

साधना म्हणली, "ये." मग ती माघारी आली, लॅक्टोमीटर उचलून धुतला आन् विचारलं, पुढचा कॅन कुणाचा हाय. माझाच व्हता.